काडी बघा, मग कात्री लावा

डिसेंबरातली सकाळ. दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं, झेरॉक्स मशीन अजून गरम व्हायचं होतं. दिंडोरीकडचा एक पोरगा पेनड्राइव्ह मुठीत धरूनच आत आला.

"ताई, एक पीपीटी मेल करायचीय. जीमेल घेतच नाहीये, रात्रीपासून नुसतं गोल फिरतंय."

"केवढी आहे?"

"असेल की दहा-पंधरा एमबी."

निघाली २१२ एमबी. ३८ स्लाइड. गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीची ओळख, द्राक्षबागा, पॅकहाउस, पनेटमध्ये म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत माल कसा भरतात ते, शेवटी संपर्क. मुंबईच्या एका खरेदीदाराकडे दुपारी बाराच्या आत पोचायला हवी होती. दहा वाजत आले होते.

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ माझं टायपिंग-प्रिंटिंगचं दुकान आहे, त्याला चौदा वर्षं झाली. एप्रिल-मे आला की इंजिनिअरिंगची पोरं व्हायव्हाच्या आदल्या रात्री येतात. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले लोक कायझेनची, म्हणजे कामात केलेल्या छोट्या-छोट्या सुधारणांची, प्रेझेंटेशनं घेऊन येतात, बिफोर-आफ्टरच्या फोटोंनी गच्च भरलेली. डॉक्टर येतात, बचत गटाच्या बायका येतात. फाइल जड झाली ही तक्रार सगळ्यांची, आणि बहुतेकांनी येण्याआधी एकच उपाय करून पाहिलेला असतो: नेटवर फुकटची वेबसाइट शोधायची, फाइल तिच्यात टाकायची आणि जे बाहेर येईल ते गोड मानून घ्यायचं. मी ते करू देत नाही. एक तर तुमच्या कंपनीचे कागद कुणाच्या सर्व्हरवर जाऊन पडले ते तुम्हाला कळत नाही. आणि ती वेबसाइट सगळ्याला सरसकट कात्री लावते. कुठला फोटो महत्त्वाचा, कुठला शोभेचा, हे तिला काय ठाऊक.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीच्या आधी अण्णा काड्या तपासायला पाठवायचे. सूक्ष्मदर्शकाखाली काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा, बघतात, कुठल्या डोळ्यात घड धरलाय ते कळतं, आणि मग काडी किती डोळ्यांवर छाटायची ते ठरतं. न बघता छाटली तर घडाचा डोळाच खाली पडलेला असायचा. फाइलचं वजन उतरवताना मी तेच करते. आधी तपासणी.

डबा उघडून बघा

पीपीटीएक्स फाइल ही खरं तर झिप फाइल असते, हे फार थोड्यांना माहीत आहे. ऑफिस २००७ पासून ही पद्धत आली. फोटो एका फोल्डरात, स्लाइडवरचा मजकूर दुसऱ्यात, मांडणी तिसऱ्यात, आणि या सगळ्याची एक झिप करून तिला पीपीटीएक्स नाव दिलेलं. त्यामुळे आत डोकावायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

आधी फाइलची कॉपी करा. मूळ फाइल "मूळ" नावाच्या फोल्डरात टाका आणि तिला पुन्हा हात लावू नका. फाइल वनड्राइव्हवर असेल आणि वर ऑटोसेव्ह चालू असेल तर याला फारच महत्त्व आहे, कारण तुम्ही केलेली काटछाट न विचारता मूळ फाइलवरच सेव्ह होत जाते.

आता कॉपीचं नाव बदला. शेवटची पीपीटीएक्स ही अक्षरं खोडून तिथे इंग्रजीत झेड-आय-पी लिहा. ही अक्षरं दिसतच नसतील तर विंडोज ११ मध्ये फोल्डरच्या वरच्या पट्टीत व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स असं चालू करा. नाव बदलताना विंडोज घाबरवतं, फाइल खराब होईल म्हणतं. येस म्हणा. डबल क्लिक करून उघडा, आत पीपीटी नावाचं फोल्डर, त्यात मीडिया नावाचं. तिथे साइजच्या रकान्यावर क्लिक करून मोठ्यात मोठं वर आणा.

मी हे केलं तेव्हा पोरगा खुर्ची ओढून शेजारी बसला. सगळ्यात वर एक व्हिडिओ, ९६ एमबीचा. त्याखाली मोबाइलचे फोटो, ३१, मिळून ७४ एमबी. मग पीएनजी प्रकारची चार चित्रं, एकेक पाच-साडेपाच एमबीचं, म्हणजे २२. दोन पार्श्वभूमीची चित्रं, ९ एमबी, जी कुठल्याच स्लाइडवर दिसत नव्हती. मीडिया संपलं. शेजारी एम्बेडिंग्ज नावाच्या फोल्डरात ६ एमबीची एक एक्सेल, आणि फॉन्ट्स नावाच्या फोल्डरात ४ एमबी. उरलेली एमबीभर चिल्लर. म्हणजे ज्या मजकुरासाठी त्याने दोन रात्री जागवल्या, तो त्या चिल्लरीत.

एक सांगून ठेवते. झिपमध्ये शिरून तिथूनच काही डिलीट करू नका. नंतर पॉवरपॉइंट फाइल उघडताना रिपेअर करू का विचारतं आणि स्लाइडवर चित्राच्या जागी लाल फुली येते. इथे फक्त बघायचं, काम पॉवरपॉइंटमध्ये करायचं. बघून झालं की नाव परत पीपीटीएक्स करा.

आणि हो, मुळात झिपच असल्यामुळे या फाइलची पुन्हा झिप करून काही हाती लागत नाही. जेपीजी फोटो आणि एमपी४ व्हिडिओ आधीच आवळलेले असतात. रोज कुणीतरी "झिप करून बघितली ताई, तेवढीच राहिली" म्हणत येतंच.

व्हिडिओ

एक मिनिट वीस सेकंदांचा होता, फुल एचडीत काढलेला. पहिली पंधरा सेकंदं पॅकहाउसच्या दाराची, शेवटची अर्धा मिनिट ट्रॅक्टर मागे घेताना. मी विचारलं, "खरेदीदाराला काय दाखवायचंय?" तर म्हणाला, बायका हातमोजे घालून घड निवडतात ते. ते मध्ये पंचवीस सेकंदांत होतं.

व्हिडिओवर क्लिक केलं की वर प्लेबॅक नावाचा टॅब येतो, त्यात ट्रिम व्हिडिओ. हिरवी आणि लाल खूण सरकवून हवा तो तुकडा ठेवायचा. पण इथे लोक फसतात: ट्रिम केल्यावर बाकीचा व्हिडिओ फक्त लपतो, फाइलमधून जात नाही. तो जातो पुढच्या पायरीला. फाइल, मग इन्फो, मग कॉम्प्रेस मीडिया. तिथे तीन पर्याय असतात: फुल एचडी, एचडी म्हणजे ७२०, आणि स्टँडर्ड म्हणजे ४८०. स्लाइडच्या अर्ध्या भागात चालणाऱ्या व्हिडिओला ७२० भरपूर झालं. पूर्ण पडदाभर दाखवायचा आणि सभागृह मोठं असेल तर फुल एचडी ठेवा. ४८० मी फक्त व्हॉट्सअॅपवर बघायच्या फाइलींना लावते.

मॅकवाल्यांना कॉम्प्रेस मीडिया मिळत नाही. त्यांनी हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्यावं, व्हिडिओ बाहेरच कापून-आवळून एमपी४ करावा आणि मग स्लाइडमध्ये घालावा. खरं तर विंडोजवरही मी बऱ्याचदा हेच करते, हाताशी जास्त पर्याय येतात. ९६ एमबीचा व्हिडिओ असा पाच एमबीवर आला.

आवाजाचं थोडक्यात. कुणी स्लाइडवर बोलून रेकॉर्डिंग केलं असेल आणि कॅमेरा बंद करायला विसरलं असेल, तर कोपऱ्यात चेहऱ्याचा व्हिडिओ प्रत्येक स्लाइडला चिकटलेला असतो. आणि हलणाऱ्या जीआयएफ काढून टाका. दिसायला चिमुकल्या, वजनाला दगड.

फोटो, आणि मी केलेला घोळ

आता मुख्य काम. इथे थोडा हिशोब करू, कारण तो एकदा डोक्यात बसला की कुठलाही पर्याय निवडताना अडायला होत नाही.

पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड १३.३३ इंच रुंद असते. आपल्याकडच्या प्रोजेक्टरवर किंवा टीव्हीवर, फुल एचडी धरला तरी, आडवे ठिपके १९२०. भागाकार करा: इंचाला १४४ ठिपके. म्हणजे अख्खी स्लाइड भरून टाकणाऱ्या फोटोलासुद्धा त्यापेक्षा जास्त ठिपके दिले तर ते पडद्यावर उतरायला जागाच नाही. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा असतो. तो अर्ध्या स्लाइडवर लावला की त्याला रुंदीत मिळतात ९६० ठिपके. बाकीचे नुसते पाहुणे, जेवून जातात आणि काम काही करत नाहीत.

म्हणून कॉम्प्रेस पिक्चर्समधला १५० पीपीआयचा, म्हणजे इंचाला १५० ठिपक्यांचा, पर्याय, ज्याला तिथे वेब म्हटलंय, तो पडद्यासाठी बरोबर बसतो. पूर्ण स्लाइडच्या फोटोला २००० ठिपके मिळतात, १९२० पेक्षा थोडे वरच. ९६ म्हणजे ईमेल. त्यात १२८०च मिळतात, आणि मोठ्या पडद्यावर ते दिसून येतं. २२० छपाईसाठी. कागदावर पानं काढून वाटायची असतील तर तो घ्या.

कृती अशी. कुठल्याही एका फोटोवर क्लिक करा, तेव्हाच पिक्चर फॉरमॅट टॅब दिसतो. त्यात डावीकडे कॉम्प्रेस पिक्चर्स. दोन टिकमार्क असतात. "अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर" ची टिक काढा, नाहीतर ३१ पैकी एकच फोटो हलका होईल आणि तुम्ही म्हणाल काही फरकच पडला नाही. "डिलीट क्रॉप्ड एरियाज" ची टिक ठेवा. क्रॉप केलेला भागही, ट्रिम केलेल्या व्हिडिओसारखाच, फाइलमध्ये लपून बसलेला असतो. मग १५० निवडा, ओके, आणि सेव्ह. आकडा सेव्ह केल्यावरच बदलतो.

क्रॉपबद्दल आणखी एक. आधार कार्डाचा फोटो टाकून नंबर क्रॉप करणारे लोक मी पाहिलेत. समोरच्याने रिसेट पिक्चर अँड साइज दाबलं की अख्खं कार्ड परत दिसतं. तेव्हा ही टिक नुसत्या वजनासाठी नाही.

आधी फोटो हवे त्या आकारात लावून घ्या, मगच कॉम्प्रेस करा. कारण पीपीआय मोजतात तो स्लाइडवर फोटो केवढा दिसतो त्यावरून. कोपऱ्यात दोन इंचाचा ठेवलेला फोटो १५० वर आणला की त्यात उरतात ३०० ठिपके. नंतर तो ओढून मोठा केला तर नुसता धुरळा.

आणि हे मला कसं कळलं, ते सांगते. दुकान सुरू केल्याच्या दुसऱ्या वर्षी एका हाडांच्या डॉक्टरांची फाइल आली होती. परिषदेत बोलायचं होतं, साठेक एक्स-रे. मी नवी-नवी, कमीत कमी एमबी करून दाखवायची हौस. सगळं ९६ वर नेलं आणि त्यांच्याच पेनड्राइव्हवर मूळ फाइलवर सेव्ह केलं. साठ एमबीची चार एमबी, मी खूश. सभागृहात हाडातली केसाएवढी भेग दाखवायला त्यांनी काठी पुढे केली आणि पडद्यावर भेगच नाही. त्यांनी फोनवर आवाजही चढवला नाही, एवढंच म्हणाले, "ताई, तिथे माझं अख्खं भाषण होतं." एक्स-रे त्यांना दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधून परत काढावे लागले. तेव्हापासून "मूळ" फोल्डर. तेव्हापासून एक्स-रे, पानावरच्या डाउनी रोगाचे जवळून काढलेले फोटो, ड्रॉइंगच्या बारीक रेषा, असं काही दिसलं की मी त्या फोटोंना वेगळं काढते, त्यांना मोकळं सोडते आणि बाकीच्यांना कात्री लावते. त्या वेळी "अप्लाय ओन्ली" ची टिक उलट कामाला येते: एकेक फोटो निवडून करायचं.

आता त्या चार पीएनजी. पोरगा म्हणाला, हेही बागेचेच फोटो आहेत. मग पीएनजी कसे? कारण त्याने ते दुसऱ्या खिडकीतून कॉपी करून थेट स्लाइडवर पेस्ट केले होते, आणि पेस्ट केलेलं चित्र बऱ्याचदा पीएनजी होऊन बसतं. पीएनजीत एकही ठिपका गाळत नाहीत, त्यामुळे स्क्रीनशॉट, लोगो, आलेख यांना ती उत्तम. सपाट रंग असतात, फाइल छोटी राहते. पण पानापानाचा वेगळा हिरवा असलेला बागेचा फोटो पीएनजीत घातला की जेपीजीच्या कितीतरी पट फुगतो.

यांच्यासाठी मी कॉम्प्रेसच्या भरवशावर राहत नाही. मघाच्या मीडिया फोल्डरातून ते चार फोटो डेस्कटॉपवर कॉपी केले, पेंटमध्ये उघडले, रिसाइजमध्ये पिक्सेल निवडून रुंदी २००० केली आणि सेव्ह अॅज करून जेपीजी केले. मग स्लाइडवर जुन्या फोटोवर राइट क्लिक, चेंज पिक्चर, आणि नवी फाइल निवडायची. जागा आणि आकार तसाच राहतो, पुन्हा मांडामांड करावी लागत नाही. लोगोला मात्र हे करू नका. लोगोची पार्श्वभूमी पारदर्शक असते, जेपीजीत पारदर्शक काही नसतं, आणि निळ्या पट्टीवर तुमच्या कंपनीच्या नावाभोवती पांढरा डबा उमटतो.

३१ फोटो आणि हे चार मिळून सात एमबीत बसले. पुढे पुन्हा तोच त्रास नको असेल तर फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड इथे इमेज साइज अँड क्वालिटी नावाचा भाग आहे. डिफॉल्ट रेझोल्यूशन १५० करून ठेवा, आणि "डू नॉट कॉम्प्रेस" वर टिक नाही ना ते बघा. ही सेटिंग त्या-त्या फाइलपुरती असते, त्यामुळे नवी फाइल उघडल्या उघडल्या करायची.

जे दिसत नाही ते

ती दोन पार्श्वभूमीची चित्रं कुठे होती? व्ह्यू, मग स्लाइड मास्टर. तिथे डावीकडे चार मास्टर, म्हणजे स्लाइडींचे साचे, एकाखाली एक. त्याने मागच्या वर्षीच्या फाइलमधून स्लाइडी उचलल्या होत्या, त्यातल्या काही कुठल्याशा कृषी प्रदर्शनाच्या फाइलमधून आलेल्या. पेस्ट करताना कीप सोर्स फॉरमॅटिंग निवडलं की स्लाइडबरोबर तिचा अख्खा मास्टर आणि त्याची सगळी चित्रं येतात. नंतर ती स्लाइड डिलीट केली तरी मास्टर मागे राहू शकतो.

कायझेनच्या फाइलींत हे सर्रास. दर वर्षी मागच्या वर्षीची फाइल उघडायची, नाव बदलायचं, पुढे चालायचं. एका फाइलमध्ये मी अकरा मास्टर मोजले होते, कुठे वन ऑफिस थीम, कुठे टू ऑफिस थीम, आणि एकात कंपनीचा जुना लोगो, जो बदलूनही बरीच वर्षं झाली होती. नको असलेल्या मास्टरवर राइट क्लिक, डिलीट मास्टर. त्याआधी कुठली स्लाइड अजून तो वापरतेय का ते बघा. वापरत असेल तर आधी त्या स्लाइडचा लेआउट बदला. ज्या मास्टरला ठेवायचं त्याच्या खालचे न वापरलेले लेआउटही उडवायला हरकत नाही.

मग ती एक्सेल. वजन फक्त ६ एमबी, पण दिवसभरात मला सगळ्यात जास्त तिने दचकवलं. एका स्लाइडवर साधा स्तंभालेख होता, महिन्यागणिक किती टन माल गेला त्याचा. पेस्ट करताना एम्बेड वर्कबुक निवडलं गेलं होतं. मी आलेखावर राइट क्लिक करून एडिट डेटा दाबलं, आणि खाली टॅब दिसले: माल, भाव, शेतकरी, येणी.

"भाव" वर क्लिक केलं. गेल्या हंगामात कुठल्या व्यापाऱ्याला किलोमागे काय दराने दिला, सगळं तारीखवार. "शेतकरी" मध्ये सगळ्या सभासदांची नावं आणि मोबाइल नंबर.

पोरगा खुर्चीतून उठलाच. "ताई, हे पण गेलं असतं?"

"गेलंच असतं. नव्या खरेदीदाराला तुमचा जुना भाव घरबसल्या कळला असता."

उपाय सोपा आहे. आलेख कट करा, पेस्टच्या पर्यायांतला पिक्चरचा निवडा. आलेख दिसायला तोच, मागे वही नाही. बाहेरच्या माणसाला द्यायच्या फाइलमध्ये आलेख चित्र म्हणूनच घाला. आपल्या घरातल्या घरात फिरणाऱ्या फाइलमध्ये मात्र आलेख जिवंत ठेवा, पुढच्या महिन्यात आकडे बदलावे लागतातच. आणि पाठवण्याआधी एकदा फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट हे चालवा. स्लाइडखाली लिहिलेल्या नोट्स आणि कॉमेंट दाखवतं. "हा मुद्दा साहेबांना सांगू नका" असली नोट मी एकदा वाचलेली आहे.

मराठी फॉन्ट

इथे वजन वाचवायच्या नादात लोक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे खाली एम्बेड फॉन्ट्स नावाची टिक असते. ती काढली की काही एमबी लगेच कमी होतात. पण समोरच्याकडे तुमचा फॉन्ट नसेल तर?

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षर-पद्धतीत, असेल तर फार बिघडत नाही. दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसेल, ओळी इकडच्या तिकडे होतील, वाचता तरी येईल. पण कृतिदेव किंवा तसल्या जुन्या बिगरयुनिकोड फॉन्टात टाइप केलेलं असेल तर समोरच्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अशा फाइलची टिक कधीच काढू नका, नाहीतर सरळ पीडीएफ द्या.

युनिकोडवाल्यांसाठी दोन मार्ग. एक, निर्मला यूआय वापरा. विंडोज ८ पासून तो असतोच, त्यामुळे विंडोजवरून विंडोजवर एम्बेड करायची गरज पडत नाही. दोन, मुक्तासारखा छान फॉन्ट हवाच असेल तर एम्बेड करा, पण त्यातला पहिला पर्याय निवडा: फक्त वापरलेली अक्षरं. समोरच्याला मजकूर बदलायला अडचण येईल, पण खरेदीदाराने आपली पीपीटी बदलायची कशाला? त्याच्या फाइलमध्ये तीन मराठी फॉन्ट पूर्णच्या पूर्ण घातलेले होते. एकच ठेवला, वापरलेल्या अक्षरांपुरता. ४ एमबीची अर्धा एमबीसुद्धा उरली नाही.

पाठवताना

अकरा वाजून दहा मिनिटांनी फाइल १३ एमबी होती.

"२५ पर्यंत चालतं ना जीमेलला? मग इतकं कशाला कमी केलंत?" पोराचा प्रश्न बरोबर होता. पण अटॅचमेंट मेलमधून जाताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं, त्यात ती साधारण एक-तृतीयांशाने फुगते. १३ ची १७-१८ होते. आणि तुमच्या जीमेलची मर्यादा २५ असली तरी समोरच्या कंपनीच्या मेलची १० किंवा २० असू शकते. तो मेल मग परत येतो, आणि परत आलेला मेल लोक संध्याकाळी बघतात. म्हणून मी पंधराच्या आत आणते.

मोठी फाइल असली की जीमेल स्वतःच ती गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक देतं. चालतं, पण लिंकची परवानगी "एनीवन विथ द लिंक" केलीय का ते बघा. नाहीतर समोरचा माणूस परवानगी मागत बसतो आणि तुम्ही त्याच्या फोनची वाट बघत बसता. व्हॉट्सअॅपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर २ जीबीपर्यंत जाते, जशीच्या तशी. फोटो म्हणून पाठवलेले फोटो मात्र व्हॉट्सअॅप स्वतःच आवळतं. माझे अनुभवी गिऱ्हाईक तर स्लाइडमध्ये घालायचे फोटो आधी स्वतःलाच व्हॉट्सअॅप करून हलके करून आणतात. पडद्यासाठी वाईट नाही, छापायला नको.

कॉलेजच्या किंवा सरकारी पोर्टलवर २ किंवा ५ एमबीची अट असेल तर पीपीटीशी झटापट करू नका. सेव्ह अॅज, पीडीएफ, आणि खाली मिनिमम साइज. व्हिडिओ आणि अॅनिमेशन जातं, पण वाचणाऱ्याला त्याचं काही नसतं. जुनी पीपीटी, म्हणजे शेवटी एक्स नसलेली, कुणी आणली तर ती सेव्ह अॅज करून आधी पीपीटीएक्स करा. तेवढ्यानेच बरेचदा वजन उतरतं. लिबरऑफिस वापरणाऱ्यांना टूल्समध्ये मिनिमाइझ प्रेझेंटेशन मिळतं, ते एकेक पायरी विचारत नेतं. मॅकवर कॉम्प्रेस पिक्चर्स फाइल मेनूत आहे. आणि विद्यार्थ्यांनो, पॉवरपॉइंटमध्ये केलेलं मोठं पोस्टर छापायचं असेल तर या लेखातलं काहीही त्याला करू नका.

मेल गेला. पोराने नव्वद रुपये दिले, पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि विचारलं, "ती मोठी उडवू का आता?"

"राहू दे. जागा कुठे खातेय."

जानेवारीत त्याचा फोन आला. खरेदीदाराला छापील पत्रकासाठी घडाचा तो पहिल्या स्लाइडवरचा फोटो हवा होता, पण मोठा. मोबाइल मधल्या काळात फॉरमॅट झालेला. "ताई, तुमच्याकडे असेल का?"

मी गिऱ्हाइकाच्या फाइली ठेवत नाही. पण त्याच्या पेनड्राइव्हवर "मूळ" होतंच. फोनवरच सांगितलं: कॉपी कर, नाव बदल, झेड-आय-पी, मीडियात जा, साइजवर क्लिक कर. थोडा वेळ नुसता माउसचा टकटक आवाज. मग म्हणाला, "सापडला. इमेज सतरा. सव्वापाच एमबी."